मसावि काढताना अवयव पाडत बसू नकोस

भावा, 899 आणि 1147 चा मसावि, म्हणजे दोन्हींना भागणारी सर्वांत मोठी संख्या, काढायला तू अवयव शोधत होतास. 2 पासून 23 पर्यंत एकाही मूळ संख्येने 899 ला भाग जात नाही, परीक्षेतला वेळ तिथंच जातो.

सरळ भागत जा. 1147 ला 899 ने भाग, बाकी 248. मग 899 ला 248 ने, बाकी 155. 248 ला 155 ने, 93. पुढे 62, मग 31. शेवटी 62 ला 31 ने पूर्ण भाग जातो. शेवटचा भाजक 31, हाच मसावि. भागाकार किती आला ते विसर, बाकीच पुढं न्यायची. आमच्या क्लासमधली निम्मी पोरं इथंच चुकतात.

हे जमतं कसं? दोन्ही संख्यांना भागणारी संख्या बाकीलाही भागतेच. ग्रीक गणिती यूक्लिडने इ.स.पू. 300 च्या सुमारास हीच रीत लिहून ठेवली.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या घराचं 899 बाय 1147 सेंमीचं अंगण धर. न कापता बसणारी सर्वांत मोठी चौरस फरशी 31 सेंमीची, 29 ओळी, ओळीत 37. वहीवर काढून बघ.

तीन संख्या असल्या तर आधी दोघींचा काढ, मग त्याचा तिसरीशी.