सामुद्रधुनीपलीकडचे भाषाबंधू

प्रश्न : एखाद्या देशातील अल्पसंख्याकांचे भाषाबंधू शेजारच्या देशात असले, तर तिथली यादवी अधिक चिघळते का? श्रीलंकेच्या संदर्भात सांगावे. (एक वाचक, मिरज)

उत्तर : चिघळते, पेटते मात्र ती बहुधा घरातल्याच कारणांनी. सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरवणारा १९५६ चा कायदा किंवा जुलै १९८३ मध्ये कोलंबोत झालेली तमिळांच्या घरादुकानांची जाळपोळ, यांत तमिळनाडूचा हात नव्हता. त्यानंतर मात्र भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या पाल्कच्या सामुद्रधुनीचे महत्त्व वाढले. तमिळनाडूतील धनुष्कोडीहून श्रीलंकेतील तलैमन्नार जेमतेम ३० किलोमीटर. उत्तर श्रीलंकेतील जाफन्याच्या वल्वेट्टीथुराई बंदरातून पूर्वी तस्करीचा माल वाहणाऱ्या होड्यांतूनच आता जखमी तमिळ बंडखोर तमिळनाडूत येऊ लागले आणि परतीच्या खेपेला डिझेल व औषधे जाऊ लागली. हरलेल्या लढवय्याला पाठ टेकायला जागा मिळाली की लढाई लांबते. भारतीय गुप्तचर यंत्रणेने दिलेले शस्त्रप्रशिक्षण आणि मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांचा उघड आश्रय यांमुळे ती जागा अधिकच भक्कम झाली.

दुसरा परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. श्रीलंकेत सुमारे तीन-चतुर्थांश असलेले सिंहली लोक पलीकडच्या कोट्यवधी तमिळांकडे पाहून स्वतःलाच अल्पसंख्य समजत आले, आणि त्या धास्तीपायी साध्या प्रांतिक स्वायत्ततेच्या मागणीतही त्यांना फाळणी दिसू लागली.

तरीही भाषा एक म्हणून सारे एक होतात, असे नाही. तमिळनाडूशी सर्वांत ताजे नाते चहामळ्यांतील मजुरांचे होते. १९४८ च्या कायद्याने त्यांतील बहुसंख्यांचे नागरिकत्वही गेले होते. पण ते या युद्धापासून बव्हंशी अलिप्त राहिले. तमिळ बोलणाऱ्या मुसलमानांना तर १९९० मध्ये वाघांनीच, म्हणजे ‘लिट्टे’ या तमिळ बंडखोर संघटनेनेच, उत्तरेतून हाकलून दिले.

शेजारच्या सरकारचा हिशोबही बदलतो. जून १९८७ मध्ये भारतीय विमानांनी जाफन्यावर मदतीची पाकिटे टाकली आणि ऑक्टोबरात भारतीय फौज त्याच जाफन्यात वाघांशी लढत होती. या मोहिमेत आपले हजाराहून अधिक जवान कामी आले. १९९१ मध्ये श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाल्यावर तमिळनाडूतील सहानुभूती झपाट्याने ओसरली. २००९ मध्ये वाघांचा शेवट होत असताना द्रमुक दिल्लीच्या सत्तेत सहभागी होता. करुणानिधींनी उपोषणही आरंभले, पण ते काही तासांतच सुटले. तमिळनाडूतील श्रीलंकन तमिळ निर्वासितांच्या छावण्यांत जन्मलेल्या पिढीचा नागरिकत्वाचा प्रश्न पुढेही रेंगाळत राहिला, आणि २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात तर श्रीलंकेचे नावच नाही.