गोळी ठेवलीस ना?

पोरी,

काल रात्री तुझा मेसेज वाचला. 'मावशी, सकाळपासून छाती दुखायची थांबलीय, म्हणजे गेलंच ना सगळं? प्रोजेस्टेरॉनची गोळी आता ठेवू का नको?' ठेव. आयव्हीएफमध्ये, म्हणजे बाहेर तयार केलेला गर्भ पिशवीत सोडल्यावर, योनीत ठेवायची गोळी आहे ती. आधी ठेव, मग पुढचं वाच.

छाती दुखणं, पोट फुगणं, सारखी झोप येणं, हे त्या गोळीनंही होतं. बीटा, म्हणजे गरोदरपणाची रक्ततपासणी, निगेटिव्ह आलेल्या बाईलाही होतं. तेव्हा दुखलं म्हणून पेढे वाटू नकोस आणि थांबलं म्हणून सुतक धरू नकोस. अंदाज बांधायचा नाही, विचारायचं. गोळी बहुधा 10-12 आठवड्यांपर्यंत चालते. कधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील.

तुझा बीटा 48 तासांत जवळजवळ दुप्पट झालाय. आता रोज सकाळी गरोदरपणाच्या घरगुती तपासणीची स्ट्रिप घेऊन उजेडात रेघ निरखत बसलीस तर बघ! पुढचं काय ते सहा-सात आठवड्यांच्या सोनोग्राफीत. आणि हिशोब नीट घाल, पाच दिवसांचा गर्भ सोडला त्याच दिवशी तुझे 2 आठवडे 5 दिवस धरलेत. सहाव्यात ठोके दिसले नाहीत तर आठवड्याने परत बघतात. तेव्हाही अंदाज नको, विचार.

पलंगाला खिळून राहू नकोस. मी राहिले होते, पायरीसुद्धा उतरले नाही. काय उपयोग झाला? सहाव्या आठवड्यात एका रात्री उजव्या खांद्यात कळ आली. गर्भ पिशवीत सोडलाय, मग पिशवीशेजारच्या बीजनळीत कसा जाईल, हा माझा शहाणपणा. गॅस समजून ओवा चावला आणि सकाळपर्यंत अंगावर काढलं. नळी फुटली होती. पोटात रक्त साचलं की कळ खांद्यात येते, हे ऑपरेशननंतर कळलं. फोन बाहेरच्या खोलीत, तिथे सासरे झोपलेले, रात्रीचे दोन, नवी सून त्यांना कशी उठवणार... वर्षानुवर्षं मी हेच सांगत आले. बारा पावलं होती गं.

थोडे तपकिरी डाग पुष्कळ जणींना लागतात, तरी कळव. पण ओटीपोटात एका बाजूला कळ, खांद्यात कळ, चक्कर, पॅड भिजेल इतकं रक्त, यातलं काहीही झालं तर मध्यरात्री उठव घरच्यांना, थेट दवाखाना गाठ. डॉक्टरांचा रात्रीचा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लाव. लावलास की फोटो पाठव.

आणि गोळी?

तुझी मावशी