भाषण नंतर लिही, आधी सरांची डायरी उघड

अगं, तुझा रात्रीचा मेसेज वाचला. बारनं, म्हणजे आपल्या वकील संघानं, शोकसभेत आपल्या सीनिअर वकील सरांवर बोलायचं काम तुझ्यावर टाकलंय आणि तू विचारतीस की पाच मिनिटांत सगळं बसवू कसं. बसत नसतंय ते, बसवायला जाऊ पण नको. फोनच करणार होतो पण आवाज अजून ठिकाणावर नाही म्हणून टाईप करतोय, लांबलं तर चहा ठेव आणि वाच.

पहिली गोष्ट, निष्णात कायदेपंडित, झुंजार व्यक्तिमत्त्व, गोरगरिबांचे कैवारी, हे शब्द वापरू नको. ते चौकातल्या फ्लेक्सवर ऑलरेडी लागलेत आणि अंबाजोगाईत ज्या ज्या वकिलाची शोकसभा मी ऐकली तिथं हेच शब्द होते, त्यातले काही तर साधा मुदत अर्ज पण ज्युनिअरकडून लिहून घ्यायचे. सर रागीट होते, अक्षर असं की टायपिस्ट रडायचा, आणि तारखा पण भरपूर मागायचे, हे सगळ्या बारला माहितीय. ते लपवून तू नुसता देवमाणूस उभा केलास तर ऐकणारे मोबाईल काढतील.

पण बोलायच्या आधी त्यांची डायरी घे आणि पुढच्या दोन महिन्यांच्या तारखा उतरवून काढ. का सांगतो. वकील गेला की त्याचं वकीलपत्र तिथंच संपतं, दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 3 रूल 4 मध्ये तसं लिहिलेलंच आहे, आणि केजच्या नाहीतर धारूरच्या माणसाला हे कोण सांगणार, तो आपला तारखेला येऊन बार रूमच्या दारात सरांना शोधत बसतो. ज्या वकीलपत्रावर सरांसोबत तुझंही नाव आहे तिथं तू उभी राहू शकतीस, बाकीच्या ठिकाणी पक्षकाराला फोन लाव, सर गेल्याची पुरसिस दे, म्हणजे कोर्टाला लेखी कळव, नवीन वकीलपत्रासाठी वेळ माग. जे आत आहेत त्यांचं वकीलपत्र जेलमधून सही-शिक्का होऊन यायला वेळ लागतो, ते सगळ्यात आधी पाठव. आणि कुणी फाईल मागायला आला तर लगेच दे, फी राहिलीय म्हणून अडवून धरायची नाही, सुप्रीम कोर्टानं 2000 साली आर. डी. सक्सेनाच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की फीपोटी फाईलवर वकिलाचा हक्क नसतो. तो दुसऱ्या वकिलाकडे चाललाय म्हणून तोंड वाकडं करू नको.

आता भाषण. तुला मोठ्या केसेसची यादी दिली असंल कुणीतरी, ती ठेव बाजूला. हायकोर्टातल्या वकिलाचं नाव रिपोर्टमध्ये छापून येतं, ट्रायलच्या वकिलाचं काय राहतं? निकालाच्या पहिल्या पानावर 'आरोपीतर्फे अ‍ॅड. अमुक' एवढंच. उलटतपासणीचा कागद काढून बघ, त्यात प्रश्न सहसा नसतातच, नुसती साक्षीदाराची उत्तरं, 'हे म्हणणे खरे आहे की', 'हे म्हणणे खरे नाही की'. म्हणजे सरांनी चाळीसेक वर्षं जे केलं ते सगळं दुसऱ्याच्या तोंडचं म्हणून नोंदलंय. ते प्रश्न परत उभे करणं हे आपल्यासारख्यांचं काम, कारण आपण तिथं बसलेलो होतो.

एक सांगतो, हवं तर हेच सांग. लोडशेडिंगच्या जोराच्या काळातली खुनाची केस, मी ज्युनिअर. नजरेचा साक्षीदार म्हणला, रात्री एकच्या सुमाराला ज्वारीला पाणी द्यायला शेतात होतो तेव्हा सगळं पाहिलं. आम्हाला वाटलं सर आता अंधार किती, अंतर किती, बॅटरी होती का, हे विचारणार. सर उभे राहिले, गाऊन सारखा केला आणि म्हणले, मामा, ज्वारी कोणती, मालदांडी का? तो खुलला, म्हणला हाव साहेब. मोटार तीनची का पाचची? पाचची. विहिरीला पाणी पुरतं का मार्चपर्यंत? कुठलं पुरतंय साहेब. मग सहज, अगदी घरी ओट्यावर बसल्यागत, त्या हप्त्यात थ्री फेज दिवसाची होती का रातची? मामा म्हणला, दिवसाची, रातचा हप्ता आदल्या आठवड्यात झाला. सर म्हणले, बरं झालं, थंडीत हाल वाचले. आणि बसले. सरकारी वकील फेरतपासणीत लई धडपडले पण गेलेलं उत्तर कुठं परत येतंय. निकालात न्यायाधीशांनी त्या एका उत्तरावर, थ्री फेज नसताना रात्री मोटार चालणार कशी यावर, पानभर लिहिलंय.

मी बाहेर आल्यावर म्हणलं, सर, मग रात्री शेतात कशाला गेलतास हे विचारायचं होतं ना. तर म्हणले, विचारलं असतं तर त्यानं कारण शोधून दिलं असतं. कारण शोधायला आपण मदत करायची नसती.

सभेत हे सांगताना बाजूला बसलेल्या नवीन पोरांकडे बघून सांग, त्यांना आता खुनाच्या कलम 302 च्या जागी 103 आणि आरोपीच्या जबाबाच्या 313 च्या जागी 351 पाठ करायचं टेन्शन आहे, 1 जुलै 2024 पासून आकडे बदलले, मामाला कसं बोलतं करायचं ते काही बदललेलं नाही. नक्कल काढून तेवढी चार ओळींची साक्ष वाचून दाखव. त्या साक्षीदाराचं नाव, गाव मात्र घेऊ नको, त्याची नातवंडं याच तालुक्यात राहतात.

आणि याच्यावरून आठवलं, भाषणात एक मोह होतो, चेंबरमधले किस्से सांगायचा. अमक्या पुढाऱ्यानं रात्री येऊन सरांपुढं काय कबूल केलं, तमक्या भावकीच्या वाटणीत आतून काय होतं. लोकांना तेच ऐकायचं असतं, टाळ्या पण तिथंच पडतात. भर कोर्टात झालेली साक्ष सांग, चेंबरमधलं सांगू नको. पक्षकारानं वकिलाला सांगितलेलं काम संपल्यावरही गुप्तच राहतं, पुराव्याच्या जुन्या कायद्यात कलम 126 होतं, आता नव्यात 132, आणि तू त्यांच्या ऑफिसची असल्यानं तुला पण लागू. सर स्वतः बायकोला सुद्धा सांगायचे नाहीत, वहिनी अजून चिडून सांगतात.

बारमध्ये दिवसभर काम बंद ठेवायचा ठराव येईल बहुतेक. तू ज्युनिअर आहेस, तुझं कोण ऐकणार, पण अध्यक्षांच्या कानावर घाल की सभा कोर्ट उठल्यावर घ्या. 2017 च्या हुसेन विरुद्ध युनियन ऑफ इंडिया निकालात सुप्रीम कोर्टानं काम बंद ठेवणं बेकायदा म्हणलंच, शिवाय शोकप्रस्ताव पण वारंवार नको, दोन-तीन महिन्यांतून एकदा घ्या असं सुचवलंय. स्वारातीचे, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजचे, डॉक्टर साक्षीला आलेले असतात, आत असलेल्या आरोपीची तारीख असते, साक्षीदार एसटीनं येऊन परत जातो. नाही ऐकलं कुणी तर भांडत बसू नको, सभेला जा.

कपाटात खालच्या कप्प्यात एक निळी वही आहे, ती घरी रद्दीत जाऊ देऊ नको. निजामाच्या काळातले, 17 सप्टेंबर 1948 च्या आधीचे उर्दू कागद ते वाचायचे त्याच्या शब्दांची वही. मोमिनाबाद लिहिलेलं दिसलं की अंबाजोगाई समजायचं, फसली सनात, म्हणजे तेव्हाच्या महसुली वर्षात, 590 मिळवले की इसवी सन येतं, असलं सगळं त्यात आहे. इनाम जमिनीच्या आणि कुळाच्या दाव्यात अजून हे कागद निघतात आणि वाचणारा माणूस उरलेला नाही. पक्षकारांबद्दलचं काही त्यात असंल तर ती पानं वगळ, बाकीची झेरॉक्स काढून बार लायब्ररीत ठेव, मूळ वहिनींकडे.

आणि सरांच्या कारकुनाला, मुन्शीजींना, बोलायला लाव. मंचावर बोलावलं तर येणार नाहीत, खाली बसल्या जागी माईक दे. वकिलांच्या वेल्फेअर फंडाचा वहिनींचा अर्ज पण त्यांनाच घेऊन भर, सरांचे सनदेपासूनचे कागद कुठं आहेत ते त्यांनाच माहिती.

परळीच्या त्या वाटणीच्या दाव्यात कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची राहिलीय, मंगळवारी 90 दिवस भरतायत, ते शोकसभेच्या आधी उरक. कोऱ्या वकीलपत्रांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आहे, मी नसलो तरी घेऊन जा.