रंगांची पेटी माळ्यावरून काढलीस, आता पुढे

‘मावशी, मी चाळीसगावची, वय 47. 1994 साली इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळाली. आर्ट कॉलेजचा फॉर्मही आणला होता. वडील म्हणाले, “चित्र काढीसन पोट भरस का?” आणि फॉर्म चुलीत गेला. चार वर्षांत लग्न झालं. आता मुलगी बारावी झाली. तिनं आर्टला जावं असं मला वाटतं, तिला फार्मसी करायचीय. महिनाभर अबोला आहे. परवा माळ्यावरची पेटी उघडली. रंग दगड झालेत, ब्रशचे केस झुरळांनी खाल्लेत, सर्टिफिकेट तेवढं प्लॅस्टिकच्या पिशवीत जसंच्या तसं. खूप रडले. हे स्वप्न धरून ठेवू की सोडून देऊ?’

अगं बाई, आधी तो अबोला सोड. आजच, संध्याकाळच्या चहाच्या आत. पोरीला फार्मसी करायचीय ना, करू दे. तुझ्या वडिलांनी फॉर्म जाळला, तू दुसराच भरून पोरीपुढे ठेवते आहेस. विचारलं तुला कुणी नव्हतं, आणि तिलाही कुणी विचारत नाहीये. हे वाचून माझा राग येईल. येऊ दे.

आता पेटीचं. ब्रश झुरळांनी खाल्ले आणि सर्टिफिकेट मात्र कोरं करकरीत, हे वाचून मी थांबलेच. तीस वर्षं तू जपलंस ते नक्की काय? चित्रकला जपली असतीस तर ब्रश झिजून गेले असते. पिशवीत ठेवलास तो वडिलांवरचा राग. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. कापसाच्या भावावर वर्ष काढणाऱ्या माणसाला चित्रातली भाकरी दिसली नसेल, पण फॉर्म जाळायची काय गरज होती? तरीही त्या कागदाचा हिशोब आता कुणाकडे मागणार?

मला रेडिओवर निवेदिका व्हायचं होतं. दोनदा आवाजाची चाचणी दिली, दोन्ही वेळा नापास. बरीच वर्षं दुसऱ्या कुणाचं निवेदन लागलं की मी रेडिओ बंद करायचे. मग कधीतरी ते सुटलं, कधी ते आठवतही नाही. सकाळी पेपर मात्र अजून मोठ्यानं वाचते. आमचे हे म्हणतात, बातम्या संपल्या असतील तर चहा टाक.

तुझ्याच गावचे छायाचित्रकार केकी मूस घे (1912–1989). स्टेशनजवळच्या त्या घरात त्यांनी जवळजवळ सगळं आयुष्य स्वतःला कोंडून घेतलं. येईन म्हणालेली त्यांची प्रेयसी पंजाब मेलनं उतरेल म्हणून गाडीच्या वेळेला ते रोज दार उघडं ठेवायचे, असं सांगतात. लोक ही गोष्ट डोळे ओले करून सांगतात. मला मात्र त्यांचा दिवस दिसतो. घरातल्या टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, त्यांच्यावर उजेड पाडायचा आणि फोटो काढायचे. टेबल टॉप फोटोग्राफीत त्यांचं नाव झालं ते असं. नुसतं दारच उघडं ठेवलं असतं, तर आज त्या घरात बघायला काय उरलं असतं? तू आत जाऊन पाहिलंयस का कधी? स्टेशनवर शंभरदा गेली असशील. पोरीला घेऊन जा. तिच्यापुढे आर्ट कॉलेजचा विषय काढायचा नाही, एवढंच पथ्य.

डिग्रीचं म्हणशील तर माझ्या मते सध्या नको. आज फॉर्म भरशील तो वडिलांना दाखवायला भरशील. वर्षभर चित्रं काढ, मग वाटलं तर चौकशी कर.

आणि पेटी भंगारात दे. दोन ब्रश, सहा पोस्टर कलर, थोडा कार्ट्रिज पेपर आण. इंटरमिजिएटला स्थिरचित्र होतं, तिथूनच सुरू कर. बाजारातून भरीताचं एक वांगं आण, आपल्याकडचं हिरवं, लांबट. ओट्यावर ठेव आणि दुपारी सगळे जेवले की बस. त्या हिरव्यावर उजेड पडतो तिथली चकाकी काढताना घाम फुटेल तुला. पहिलं चित्र वाईट येईल. दुसरंही येईल. वांगं सुकायला लागलं तर त्याचं भरीत कर, कळण्याच्या भाकरीबरोबर खा, आणि दुसरं आण.