लिव्होनियन: मृत की लुप्त?

प्रश्न असा आहे: लाटव्हियाच्या किनाऱ्यावरच्या लिव्होनियन भाषेला ‘मृत’ म्हणावं की ‘लुप्त’? आणि ती लाटव्हियनचीच बोली ना?

बोली तर अजिबात नाही, हे एकदाचं डोक्यातून काढा. लाटव्हियन भारोपीय कुळातली, म्हणजे मराठीची लांबची नातलग. लिव्होनियन फिनिश-एस्टोनियनच्या घरातली. शेजारपणाने शब्दांची देवघेव झाली, एवढंच. लाटव्हियनमधला ‘पुइका’ (मुलगा) हा फिनिक, म्हणजे याच घरातला शब्द आहे.

२०१३ साली ग्रिझेल्डा क्रिस्टिना कॅनडात १०३व्या वर्षी वारल्या आणि शेवटची मातृभाषक गेली म्हणून ‘भाषा लुप्त’ असे मथळे आले. लुप्त म्हणजे मागमूस न उरलेलं. पूर्वेकडच्या सालात्सा नदीकाठची लिव्होनियन एकोणिसाव्या शतकातच संपली, तिला खुशाल लुप्त म्हणा. पश्चिमेकडच्या कुर्झेमे किनाऱ्यावरची मात्र शिकून बोलणारे आहेत, माझिर्बे गावात दर ऑगस्टला उत्सव भरतो, १९९९च्या लाटव्हियन भाषा कायद्यात तिच्या जतनाची जबाबदारी सरकारने घेतली आहे. मोडली ती किनाऱ्याची वस्ती: सोव्हिएत काळात हा पट्टा बंद सीमाक्षेत्र झाला, मासेमारी आटली, माणसं शहरांत पांगली. तेव्हा ‘मृत’ही नको, ‘लुप्त’ही नको, ‘जुने मातृभाषक न उरलेली’ लिहा. लांबतं, पण खरं आहे.

खरी गंमत ‘शंभर’मध्ये आहे. लिव्होनियनमध्ये १०० म्हणजे ‘सदा’. होय, आपल्या शताचाच सोयरा! लगेच ‘संस्कृत तिकडे पोचली होती’ असं ठोकून देणारे विद्वान भेटतात. त्यांनी जरा दम धरावा. शब्द गेला तो संस्कृतच्याही आधीच्या इंडो-इराणी बोलीतून, आणि लिव्होनियन वेगळी होण्याच्या कितीतरी आधी. म्हणूनच तिच्या लांबच्या नातलग हंगेरियनमध्ये ‘साझ’, फिनिशमध्ये ‘साता’.

शेजारच्या लाटव्हियनकडून उचलला असेल? नाही. तिथे १००ला ‘सिम्त्स’ म्हणतात, लिथुआनियनमध्ये ‘शिम्तास’, लॅटिनमध्ये ‘केन्तुम’. या सगळ्यांत मधलं अनुनासिक (म किंवा न) टिकलंय. ते गाळून तिथे ‘अ’ ठेवण्याची खोड इंडो-इराणीची: संस्कृतात शतम्, अवेस्ता या जुन्या इराणी धर्मग्रंथात ‘सतॅम’. ‘सदा’मध्येही मधे म नाही, न नाही. चोर ओळखायला एवढा ठसा पुरे. (आपल्या ‘शंभर’मधला अनुस्वार ही वेगळी भानगड आहे, इथे ‘दोनशे’तला ‘शे’ धरा.)

फिनिश ‘वासारा’ म्हणजे हातोडा. तो वज्राचा भाऊबंद आहे असं मी तरी धरून चालतो. न पटणाऱ्यांनी दुसरी व्युत्पत्ती आणून दाखवावी.