आधी सांग, मग तोंड उघड

बेटा,

काल रात्री तू गच्चीवर डाव्या गालाला थंड पाण्याची बाटली लावून उभा होतास, आणि विचारलं तेव्हा आधी "उकडतंय काका" म्हणालास. मग हळूहळू खरं सांगितलंस. दाढ दुखते, आणि लक्ष्मीनगरच्या दाताच्या दवाखान्यातून तिसऱ्यांदा परत आलास. या वेळी तर नावही नोंदवलं होतंस. आतून मशीनचा आवाज आला, तू फोन आल्याचं सोंग केलंस आणि थेट फुटाळा तलावावर जाऊन बसलास, अंधार पडेपर्यंत. शेवटी मला विचारलंस, "काका, पूर्ण बेशुद्ध करून नाही का करत?"

मी गप्प बसलो, कारण तेव्हा बोललो असतो तर रागावलो असतो. रात्रभर झोप आली नाही, म्हणून आता लिहितो.

दात किती महत्त्वाचे, भीती कशी मनात असते, हे मी तुला सांगणार नाही. तू स्पर्धा परीक्षेची तयारी करतोस, दाताची रचना तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात परत परत सांगणार आहे. आधी सांग. खुर्चीत बसण्याआधी, तोंड उघडण्याआधी सांग: "डॉक्टर, मला भीती वाटते." तू तीनदा गेलास, पण तिन्ही वेळा हे न सांगता गेलास. म्हणून तीनदा परत आलास.

अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये मी एकोणतीस वर्षं काढली. इंजिन शेडमध्ये आलं की आम्ही आधी लॉगबुक उघडायचो, मग इंजिन. ड्रायव्हरनं लिहिलेलं असायचं, कुठे आवाज येतो, काय तापतं, ब्रेक कुठे दगा देतो. ज्यानं लिहिलं त्याचं काम नीट व्हायचं. काही जण लिहायचे नाहीत. ते कामचुकार नव्हते बाप्पा, घाबरायचे. आपल्यालाच विचारतील, आपलीच चूक काढतील असं त्यांना वाटायचं. मग ते इंजिन तसंच बाहेर जायचं आणि मधल्याच कुठल्या स्टेशनावर, भर उन्हात, गाडी घेऊन उभं राहायचं. मी अशा ड्रायव्हरांवर फार ओरडलो आहे. लिहायला काय झालं होतं, म्हणून. आणि त्याच वर्षांत माझ्या स्वतःच्या तोंडात काय चाललं होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

मी नऊ वर्षांचा होतो, साल १९६८. आम्ही तेव्हा तालुक्याच्या गावी राहत होतो. माझी खालची दाढ किडली होती. आईनं दोन महिने लवंग लावली, गाल सुजला तेव्हा दादा घेऊन गेले. दादांनी हात धरले, कंपाउंडरनं डोकं धरलं. इंजेक्शन दिलं होतं, पण ते लागू पडलंच नाही. मी ओरडत होतो आणि डॉक्टर म्हणत होते की नाटक करतो. ती दाढ दुधाची आहे असं घरात सगळ्यांना वाटलं होतं. ती सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ होती, परत आलीच नाही. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं मी दाताच्या डॉक्टरची पायरी चढलो नाही.

मी नाटक करत नव्हतो, हे मला खूप उशिरा कळलं. जिथे सूज आणि पू असतो तिथली जागा आम्लधर्मी होते, आणि बधिर करायचं औषध तिथे नीट काम करत नाही. तेच औषध सूज नसताना दिलं तर लागू पडतं. आता तू याचा अर्थ लाव. भीतीपोटी थांबायचं, थांबलं की सुजतं, सुजलं की इंजेक्शन कमी पडतं, आणि मग दुखतं. माणूस म्हणतो, बघा, मी म्हणत नव्हतो? भीती अशी स्वतःलाच खरी करून दाखवते. तुझा गाल अजून सुजलेला नाही. हे दिवस फार मोलाचे आहेत रे, ते फुटाळ्यावर बसून घालवू नकोस.

सदतिसाव्या वर्षी माझी दुसरी दाढ ठणकायला लागली. मी सगळं केलं. लवंगेचं तेल, मेडिकलमधून गोळ्या, रात्री उशी उंच करून झोपणं, एका बाजूनं जेवणं. सावजीचा रस्सा माझ्या जिवाचा, पण तोही उजव्या बाजूनंच. (तू तर्री-पोहे मान तिरकी करून खातोस, मी बघतो.) मग एक दिवस ठणका आपोआप थांबला. मला वाटलं, सुटलो. दाढेच्या आतली नस मेली होती. नस मेली की दुखणं थांबतं, कीड थांबत नाही, ती मुळातून खाली हाडाकडे जाते. तुझीही दाढ उद्या एकाएकी दुखायची थांबली तर कृपा करून आनंदानं खोलीत अभ्यासाला बसू नकोस. त्या दिवशी तर जास्त घाईनं जा.

आठ महिन्यांनी धाकट्या भावाच्या लग्नात, काटोलला, माझा जबडा खालून सुजला. तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, अंगात ताप. वरात निघाली आणि मला जीपमध्ये घालून नागपूरला आणलं. जबड्याखालची अशी सूज वाढली तर श्वासाची वाट बंद होऊ शकते, हे मला तिथे पलंगावर पडल्यावर सांगण्यात आलं. दोन दाढा गेल्या. भावाच्या लग्नाच्या एकाही फोटोत मी नाही.

तू म्हणशील, त्यानंतर तरी काका सुधारले असतील. नाही सुधारलो. लोक मला यावरून अजून बोलतात आणि मला ते पटत नाही, खरं सांगतो. माझ्या काळी कुणी विचारत नव्हतं. शेडमध्ये हाताला भाजलं तरी पट्टी बांधून माणूस पाळी पूर्ण करायचा. असल्या ठिकाणी दाताला घाबरतो म्हणून कोण सांगणार? घर चालवायचं होतं, बहिणीचं लग्न होतं, सुट्टी मोजून मिळायची. हे सगळं खरं आहे. पण मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ सालीच सुरू झालं होतं, माझी दाढ उपटली त्याच वर्षी. ते माझ्या घरापासून सायकलच्या वाटेवर होतं. मला तिथपर्यंत पोचायला त्रेचाळीस वर्षं लागली, आणि त्या हिशेबात सुट्टीचा दोष फार थोडा आहे.

२०११ मध्ये गेलो. एक शिकाऊ डॉक्टर होती, माझ्या मुलीच्या वयाची. केसपेपर भरताना तिनं वर न बघता विचारलं, "काका, भीती वाटते का?" बावन्न वर्षांचा माणूस मी, मला उत्तर देता येईना. मग म्हणालो, हो, फार वाटते. तिनं पेन खाली ठेवलं. काय झालं होतं ते विचारलं, मी नऊ वर्षांच्या वयापासून सगळं सांगितलं. मागे रांग होती, तरी ऐकलं. मग म्हणाली, "मी आधी सांगेन, मग दाखवेन, मग करेन. आणि डावा हात वर केला की मी थांबेन." लहान मुलांशी वागायची ही रीत त्यांना शिकवतातच, मोठ्यांना तिची गरज असते हे तिला कळलं होतं. मी पहिल्या दहा मिनिटांत चारदा हात वर केला. ती चारही वेळा थांबली. पाचव्यांदा करायची गरज पडली नाही.

तुझा आणि माझा सगळा फरक त्या एका उत्तरात आहे. तिनं विचारलं म्हणून मी सांगितलं. तुला कोणी विचारेलच असं नाही, गर्दी असते, डॉक्टरही दमतात. म्हणून तू आधी सांग.

तुला आवाजाची धास्ती आहे, तर ऐक. मी मशीनचा माणूस, मी त्या शिकाऊ डॉक्टरला दात कोरायचं ते हत्यार हातात मागितलं. त्याला एअरोटर म्हणतात. कॉम्प्रेसरच्या हवेवर आत इवलीशी चक्की फिरते, मिनिटाला तीन-चार लाख फेरे, म्हणून ती किंचाळते. ही हवेची चक्की १९५७ मध्ये आली. त्याआधी पट्ट्यावर चालणारं हळू यंत्र असायचं, दाताला हादरे बसायचे, दात तापायचा. आपल्या वाडवडिलांच्या गोष्टींतली भीती त्या यंत्राची आहे. आताचं यंत्र सोबत पाणी मारतं, तापू देत नाही, आणि काम लवकर उरकतं. आवाज वाईट आहे, हे मान्य. कानात गाणी लाव, पण डॉक्टरला सांगून लाव, त्यांचं बोलणं ऐकू आलं पाहिजे.

इंजेक्शनच्या आधी हिरडीला जेल किंवा स्प्रे लावून मागता येतो. बधिर करायचं जे औषध आज बहुतेक ठिकाणी वापरतात ते लिडोकेन, स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये बनवलेलं. ते नसेतून जाणारा दुखण्याचा निरोप अडवतं. दाब मात्र कळतो, ढकलल्यासारखं वाटतं, आणि घाबरलेला माणूस त्या दाबालाच दुखणं समजतो. दोन्हींतला फरक आधी विचारून घे. इंजेक्शननंतर छाती धडधडली तर तीही गोष्ट ठरलेली आहे. त्यात पुष्कळदा थोडं ॲड्रेनलिन असतं, थोड्या वेळात उतरतं. हे मला माहीत नव्हतं तेव्हा मला वाटलं होतं की आपला शेवट आला. खालच्या दाढेसाठी अर्धा ओठ आणि जीभ काही तास बधिर राहते, तोवर गरम चहा नको आणि ओठ चावू नकोस.

आणि तो वास. तू म्हणालास दाराशी तो वास आला की पोटात गोळा येतो. त्यातला बराच वास लवंगेचा असतो, दातात तात्पुरतं भरायच्या सिमेंटात लवंगेच्या तेलातलंच युजेनॉल असतं. तुझ्या आईच्या मसाल्याच्या डब्यातला वास आहे तो.

बेशुद्ध करण्याबद्दल थोडक्यात: काही ठिकाणी गॅस देऊन मन सैल करतात, तो मार्ग आहे, विचार. पण एका दाढेच्या रूट कॅनलसाठी पूर्ण भूल मागणं म्हणजे न सांगता काम उरकायची तुझी इच्छा आहे. मला ती पटत नाही. तू झोपेत दाढ नीट करून आणशील आणि पुढच्या दाढेला परत फुटाळ्यावर बसशील.

आता राग येईल असं लिहितो. तू दुखण्याला तेवढा घाबरत नाहीस. तू बोलता बोलता म्हणालास, "तोंड बघून काय म्हणतील?" तुझ्या खिशातली खर्र्याची, त्या तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची पन्नी मला कधीच दिसली आहे. रात्री जागायला म्हणून सुरू केलास, ना? तुझ्या अभ्यासिकेबाहेरच्या पानठेल्यावर तो घोटतानाचा आवाज दिवसभर चालतो, तू एकटाच नाहीस. पण हेही आधी सांग. किती वर्षं, दिवसाला किती, गालाच्या कोणत्या बाजूला ठेवतोस, सगळं. तिखटानं तोंडाची आग होते का, पांढरा चट्टा आहे का, तेही. आत्ता वाचता वाचता स्वतःची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून बघ. जात नसतील तर दाढेची वाट बघू नकोस, उद्याच चल. सुपारीनं तोंड आतून आवळत जातं आणि ते आपोआप परत उघडत नाही. डॉक्टर कदाचित रागावतील. रागावू देत. शेडमध्ये मीही लिहिणाऱ्यावर कधी कधी रागावायचो, पण त्याचं इंजिन दुरुस्त करूनच सोडायचो.

माझे सात दात गेले, त्याचं मला एवढं काही नाही. मुलगी सहा वर्षांची असताना तिला दात दाखवायला बायको एकटीच घेऊन गेली, कारण मी ऐन वेळी पाळीचं कारण सांगितलं. पोरीनं ते ओळखलं. बाबा घाबरतात म्हणजे तिथे नक्कीच भयंकर काहीतरी असणार, असं तिनं ठरवलं. आज ती पुण्यात आहे, आणि फोनवर एका बाजूनं जेवते असं बोलली की मला पुढचं काही ऐकू येत नाही. मी तिला कधी सांगितलंच नाही की मला भीती वाटत होती आणि तिथे भयंकर काही नव्हतं. या रविवारी फोन आला की सांगणार आहे. तुला उपदेश करून ते न करणं मला जमणार नाही.

तुला समोर बोलता येत नसेल तर चिठ्ठी लिही. डॉक्टर, मला भीती वाटते, मी तीनदा परत गेलो आहे, मी खर्रा खातो, डावा हात वर केला तर थांबा. एवढंच. केसपेपरसोबत पुढे कर आणि गप्प बस, चालेल.

सोमवारी सकाळी मी खाली गेटजवळ थांबतो. लक्ष्मीनगरला जायचं की मेडिकलला, तू ठरव. मेडिकलला खर्च कमी येतो, पण शिकाऊ डॉक्टर सरांना दाखवत दाखवत करतात, वेळ लागतो, फेऱ्या जास्त होतात. उपाशीपोटी येऊ नकोस, चक्कर येते. पोहे खाऊन ये, तर्री नको. आणि तुझं हेल्मेट आण, माझ्याकडे एकच आहे.

तुझा,
खालचे काका