'कशी आहे?' इंग्रजीत विचारताना

इंग्लंडात राहणाऱ्या एका वाचक ताईंचा प्रश्न: "इंग्रज शेजारणीकडे नवी सून आली. मी सहज विचारलं, 'हाऊ इज शी?' तर ती म्हणाली, 'शी इज फाइन, थँक्स.' मला सुनेचा स्वभाव विचारायचा होता. लोक 'व्हॉट इज शी लाइक?' म्हणतात, पण त्यात आवडण्याचा काय संबंध?"

ताई, तुमचं व्याकरण बरोबर होतं. आपलं 'कशी' फार ऐसपैस आहे, एवढंच. तब्येत, रूप, स्वभाव सगळं त्यात मावतं. नेमकं काय विचारलंय ते आवाजावरून, फार तर भुवयांवरून कळतं. इंग्रजीत 'हाऊ इज शी?' ही तब्येतीची विचारपूस. 'व्हॉट डज शी लुक लाइक?' म्हणजे दिसायला कशी, आणि 'व्हॉट इज शी लाइक?' म्हणजे माणूस म्हणून कशी.

इथलं 'लाइक' क्रियापद नव्हे. ते आपल्या 'सारखं'चं काम करतं. 'व्हॉट डज शी लाइक?' विचारलंत तर मात्र उत्तरात चॉकलेट येईल. गंमत अशी की दोन्ही 'लाइक' एकाच कुळातले. जुन्या इंग्रजीत 'लीच' म्हणजे शरीर; त्यावरून समान रूपाचं, सारखं, आणि जुळणारं म्हणून मनाला भावणारं. त्या काळी हे क्रियापद थेट आपल्या 'मला आवडतं'च्या चालीनं चाले: आवडणारी वस्तू कर्ता आणि माणूस चतुर्थीत. पुढे इंग्रजीनं माणसाला कर्ता करून टाकलं. आपण अजून जुन्या वळणावर आहोत, आणि मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

'फ्रेंडली', 'होमली' यांतलं 'ली' हे शेपूटही त्याच 'लीच'मधून आलेलं. 'होमली' जपून वापरा. ब्रिटनमध्ये होमली घर म्हणजे साधं, ऊबदार. अमेरिकेत होमली बाई म्हणजे रूपानं यथातथाच. आपल्या लग्नाच्या जाहिरातींतली होमली मुलगी तिसरीच, घर सांभाळणारी.

तर शेजारणीला आता 'व्हॉट इज शी लाइक?' विचारा. 'शी इज बीइंग डिफिकल्ट' म्हणाली तर सध्या काहीतरी बिनसलंय. नुसतं 'शी इज डिफिकल्ट' म्हणाली तर तो स्वभावच. चहा ठेवा, गप्पा लांबणार.